महिन्याचं रिचार्ज, हंगामाचा पैसा: बालाघाटातल्या एका गावाच्या इंटरनेटचं प्रकरण

(गावाचं आणि माणसांची नावं दिलेली नाहीत. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी या कामात गावाबाहेरचा होतो. कागदपत्रं, हिशेब आणि बैठकांच्या नोंदी माझ्याकडे होत्या.)

पार्श्वभूमी

बीड आणि धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेवर बालाघाटाचे डोंगर वाटीसारखे वळतात, त्या वाटीच्या तळाशी हे गाव आहे. दोनशेच्या वर उंबरे, दीड किलोमीटरवर साठेक घरांचा तांडा आणि सहा किलोमीटरवर बाजाराचं गाव. जमीन हलकी, मुरमाड. खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत पाऊस साधला तर ज्वारी. दसरा झाला की तांड्यावरची बहुतेक आणि गावातली बरीच घरं ऊसतोडीला निघतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं राहतात.

“रेंज कुठंय?” असं गावात विचारलं की बोट महादेवाच्या टेकाडाकडे जातं. तिथं एक कांडी येते, नशीब असेल तर दोन. खाली गावात फोन भिंतीवरच्या एका ठरावीक खिळ्याला टांगून ठेवायची पद्धत आहे; त्या खिळ्यावर अधूनमधून रेंज लागते, हातात घेतला की जाते. लॉकडाऊनमध्ये मास्तरांनी टेकाडावर शाळा भरवली, ती पुढं बरीच वर्षं गावाच्या बोलण्यात होती.

तेव्हापर्यंत नेट नसणं म्हणजे गैरसोय होती. मग एकेक करून सरकारी कामं फोनवर गेली. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली, म्हणजे पिकाची नोंद शेतकऱ्यानंच फोनवरून करायची. पीकविम्यात नुकसान झालं तर ७२ तासांच्या आत कळवायचं होतं. रेशनच्या मशीनवर अंगठा, २०२४ मध्ये लाडकी बहीण, २०२५ मध्ये शेतकरी ओळख क्रमांक. नेट आता सातबाऱ्याइतकंच लागायला लागलं.

ग्रामपंचायतीच्या खोलीत कोपऱ्यात एक लोखंडी डबा भिंतीला ठोकलेला होता. त्यात फायबर आली होती. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरनं जोडायची योजना केंद्रानं ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ मध्ये तिचं नाव भारतनेट झालं. गावातल्या डब्यातले दिवे काही महिने लागले होते. मग पाण्याच्या पाइपलाइनसाठी चर खोदताना जेसीबीनं वायर ओढून काढली. फायबर दीड मीटरहून खोल पुरायची असते, पण आमच्याकडे दोन फुटांवर काळा पाषाण लागतो, तिथं ती किती खोल गेली असेल हे जेसीबीवाल्यालाच ठाऊक. खोदण्याआधी खालच्या वायरींची चौकशी करता यावी म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू झालं. ठेकेदाराच्या माणसानं त्याचं नाव माझ्याकडूनच पहिल्यांदा ऐकलं.

जुन्या रचनेत तालुक्यापासून गावापर्यंत एकच रांग असते. मध्ये तुटली की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमात याच कारणासाठी कडी पद्धत, म्हणजे दोन बाजूंनी जोडणी, आणि दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. पण आमची गोष्ट त्याच्या आधीच्या तुटलेल्या वायरीची. डब्यावर पोरांनी गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं ठेवली होती.

अडचण नेमकी काय होती

२०२४ च्या सुरुवातीला आम्ही घरोघर विचारलं, “नेटला महिन्याला किती जातात?” उत्तर सगळीकडून सारखं आलं: दोनशे-अडीचशे. यावरून वाटलं, परवडण्याचा प्रश्न फारसा नाही, प्रश्न रेंजचा आहे. हा आमचा पहिला चुकीचा निष्कर्ष.

मग तांड्यावरच्या एका बाईंनी आमचा प्रश्नच उलटा केला. “रिचार्जचं कामून इचारता दादा? नेट नसल्याचं किती जातंय ते इचारा की.” त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. बाजाराच्या गावी जायला-यायला ॲपेचे ६०, केंद्रावर फॉर्मचे ५० ते १००, आणि त्या दिवशीची खुरपणी बुडाली म्हणजे ३०० चा रोज गेला. “सर्व्हर बंद हाय, उद्या या” म्हटलं की पुन्हा तेवढेच. एका कामाच्या दोन फेऱ्यांत आठ-नऊशे रुपये. याची नोंद कुठल्याच ‘इंटरनेटवरील खर्चा’त होत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून खोल होती, आणि ती कळायला आम्हाला चार महिने लागले. रिचार्ज २८ दिवसांचं असतं. वर्षात ते तेरा वेळा मारावं लागतं. जुलै २०२४ मध्ये दर वाढले, सगळ्यांत जास्त चालणारा रोज दीड जीबीचा प्लॅन २३९ वरून २९९ वर गेला. म्हणजे एका फोनचे वर्षाला ३,८८७. घरात तीन फोन असले तर साडेअकरा हजारांच्या वर. पण रक्कम बाजूला ठेवली तरी अडचण तारखेची आहे. नोकरदाराला दर महिन्याला पगार येतो. इथं पैसा सोयाबीन विकल्यावर येतो, किंवा मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीची आगाऊ रक्कम, मिळाल्यावर. जून ते सप्टेंबर घरात रोकड जवळजवळ नसते, किराणा उधारीवर चालतो. आणि विमा, पीक पाहणी, शाळेचे फॉर्म, शिष्यवृत्ती या सगळ्याचा हंगाम नेमका तोच. नेट सगळ्यांत जास्त लागतं तेव्हा रिचार्ज संपलेलं असतं.

किराणा दुकानदार सहा महिने थांबतो. मोबाईल कंपनी एक दिवसही थांबत नाही. परवडत नाही म्हणजे काय, ते मला या एवढ्याशा फरकातून समजलं.

समोर असलेले पर्याय

टॉवर मागायचा, हा पहिला आणि सगळ्यांचा आवडता. ग्रामसभेचे दोन ठराव आधीच झाले होते. अडचण अशी की कागदावर गाव कव्हरेजमध्ये दिसत होतं, टेकाडावरच्या त्या एका कांडीमुळे.

फायबरची दुरुस्ती. तक्रार नोंदवली, क्रमांक मिळाला. देखभालीचं काम असलेली एजन्सी म्हणाली की तोड पाइपलाइनच्या ठेकेदारानं केली, त्यानं भरून द्यावी. ठेकेदार म्हणाला, वायर नियमाप्रमाणे खोल नव्हती. दोघंही बरोबर असावेत.

एका तरुणानं सिग्नल बूस्टर सुचवला, ऑनलाइन पाच-सहा हजारांत मिळतो म्हणून. परवान्याशिवाय असा बूस्टर लावणं बेकायदा आहे आणि त्यामुळे आसपासच्या टॉवरचंही नेटवर्क बिघडतं, हे सांगून तो विषय तिथंच संपवला. स्टारलिंकच्या सॅटेलाइट नेटचं नाव पेपरात वाचून काहींनी काढलं. तेव्हा ती सेवा देशात सुरूच नव्हती. (राज्य सरकारनं स्टारलिंकबरोबर इरादापत्र केलं ते नोव्हेंबर २०२५ मध्ये, त्यात धाराशिवचं नाव आहे.)

उरले दोन पर्याय. बाजाराच्या गावचा केबलवाला विजेच्या खांबांवरून फायबर आणायला तयार होता, पण साठ कनेक्शनांची हमी आणि सहा महिन्यांचे पैसे आगाऊ मागत होता. आगाऊ पैसे मागितल्यावर बैठकीत जी शांतता पसरली, तिच्यात उत्तर होतं.

दुसरा पर्याय म्हणजे त्याच केबलवाल्याच्या इमारतीवरून टेकाडापर्यंत वायरलेस लिंक, आणि गावात कूपनवर वायफाय. अशा लिंकला लागणारा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ पासून परवानामुक्त आहे. कूपनवर नेट विकायची सोय पीएम-वाणी या केंद्राच्या सार्वजनिक वायफाय योजनेत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळानं ती योजना ९ डिसेंबर २०२० ला मंजूर केली. यात गावातला माणूस किंवा गट ‘पब्लिक डेटा ऑफिस’ होतो. जुन्या एसटीडी बूथसारखंच समजा, फक्त फोनऐवजी वायफाय. त्याला परवाना लागत नाही. लॉगिन, नोंदी, कूपन हे सगळं ॲग्रिगेटर कंपनी सांभाळते. आपल्या घरचं कनेक्शन घेऊन शेजाऱ्यांना पैसे घेऊन वाटणं नियमात बसत नाही, हे ठाऊक असल्यानं आम्हाला ही वाट बरी वाटली.

पहिला निर्णय: फुकट की विकत

सरपंचताईंचं म्हणणं, गावाला वायफाय फुकट द्यावं. निवडणुकीत तसं बोलून झालं होतं. ग्रामसेवकांनी पंधराव्या वित्त आयोगाचा निधी तपासला. आराखड्यात हे काम नव्हतं, म्हणजे त्या वर्षी पैसे नाहीत. ग्रामपंचायत जागा देऊ शकत होती, बिल नाही.

फुकटाला माझा विरोध होता, पण माझ्या आधी बोलल्या त्या बचत गटांच्या ग्रामसंघाच्या कोषाध्यक्ष आक्का. “फुकट म्हंजे पोरं दिसभर रील बघत्याली, अन् आमचा फॉर्म फिरतच ऱ्हाईल. मंग बंद पडल्यावर कुणाच्या नावानं बोंब मारायची?” त्यांचा शेवटचा प्रश्नच निर्णायक ठरला. ज्याला पैसे दिले त्याला जाब विचारता येतो. शाळा, अंगणवाडी आणि रेशन दुकान फुकट, बाकी सगळे कूपनवर, आणि डेटा ऑफिस ग्रामसंघाच्या नावावर, असं ठरलं. रोज चालवायला सेवा केंद्रातला तरुण केंद्रचालक, महिना १,५०० मानधनावर.

सामानाला ८२,००० लागले: ग्रामसंघाचं कर्ज ४०,०००, चाकणला कंपनीत लागलेल्या गावच्या पोरांनी जमवलेले २७,००० आणि आमच्या गटाकडून १५,०००.

दुसरा निर्णय: खांब कुठे, वायफाय कुठे

खांब टेकाडावरच लागणार होता, कारण बाजाराचं गाव तिथूनच दिसतं. देवस्थानच्या पंचांनी परवानगी दिली, देवळाच्या मीटरवरून लाइटही दिली. अट एकच: पहिलं वायफाय देवळाच्या पारावर बसवायचं. आम्ही लगेच हो म्हणालो. इथं चुकलो.

एप्रिल २०२४ मध्ये वायफाय सुरू झालं तेव्हा पार गच्च भरला. महिनाभरानं कूपनांची यादी पाहिली तर त्यात बायकांची नावं चार. पारावर पुरुष बसतात, तिथं जाऊन बाई फोन काढून बसणार नाही, हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. खालच्या वस्तीतल्या एका गृहस्थांनी तर हसतच सांगितलं, “देवळाम्होरं बसून नेट बघायची सवय न्हाई आमाला. तुमचं तुमी बघा.” त्या हसण्यातलं जे काय होतं ते आम्ही ओळखलं. जूनमध्ये पारावरचा वायफायचा डबा काढून दूध संकलन केंद्रावर नेला. तिथं सकाळ-संध्याकाळ सगळ्या आळ्यांतल्या बायका किटली घेऊन येतात. दुसरा शाळेवर, तिसरा तांड्यावर, सेवालाल महाराजांच्या मंदिराशेजारच्या खांबाला. पंच नाराज झाले. देवळाच्या लाइटीचं बिल त्या महिन्यापासून ग्रामसंघाकडे आलं.

आणखी एक गाठ होती. पहिल्या वेळी लॉगिन करायला ओटीपी लागतो, तो एसएमएसनं येतो, आणि गावात रेंज नाही. नेट मिळवायला आधी नेटवर्क हवं! केंद्रचालकानं एका सोमवारी टेकाडावर नोंदणी लावली. लोक दर्शनाला आले, नोंदणी करून गेले. एकदा वायफाय चालू झाल्यावर ज्यांच्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग होतं त्यांना फोन आणि ओटीपी घरातही यायला लागले. खिळ्याला टांगलेले काही फोन खाली उतरले. कीपॅडवाल्यांना मात्र यातलं काहीच मिळालं नाही, आणि गावातल्या बहुतेक साठीपुढच्या बायकांकडे कीपॅडचाच फोन आहे.

तिसरा निर्णय: पैसे कधी घ्यायचे

सुरुवातीला दिवसाचं कूपन १० रुपये आणि महिन्याचं १५०. मे २०२४ ची जमा ३,१४०. खर्च ६,१३०: केबलवाल्याची व्यावसायिक लाइन जीएसटी धरून ४,१३०, मानधन १,५००, बॅटरीसाठी बाजूला ५००. महिन्याला तीन हजारांचा खड्डा.

दर कमी करावेत असं केंद्रचालकाला वाटत होतं, वाढवावेत असं मला. आक्कांनी दोन्ही बाजूला ठेवून वही काढली. चार महिन्यांचा हंगामी पास, ५०० रुपयांना, आत्ता वापरा, पैसे सोयाबीन विकल्यावर. ऊसतोडीच्या घरांनी उचल मिळाल्यावर द्यायचे, आणि घर कुलूपबंद असेल तितके दिवस पुढच्या पासात धरायचे. किराण्याच्या उधारीचीच पद्धत, नवीन काही नाही. ४६ घरांनी पास घेतला. त्यातली तीस-एक घरं अशी होती ज्यांनी तोवर एकही महिन्याचं कूपन घेतलं नव्हतं.

मला धाकधूक होती ती वसुलीची. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली. लोकांनी माल घरात ठेवला, म्हणजे पैसाही अडकला. तरी डिसेंबरअखेर ३९ घरांचे १९,५०० आले. सात राहिले. त्यांचं नेट तोडायचं का, यावर ग्रामसंघाची बैठक तासभर चालली, तोडलं नाही. त्यात तीन घरं विधवांची होती, आणि बाकी चारांपैकी दोघं सहज देऊ शकले असते. ही तडजोड सगळ्यांना दिसली, कुणी बोललं नाही.

पण एक गोष्ट आम्ही मोजलीच नव्हती. केबलवाल्याचं बिल दर महिन्याला, आमची जमा नोव्हेंबरात. मधले पाच महिने कोण भरणार? ग्रामसंघानं आणखी १५,००० काढले. नीट पाहिलं तर आम्ही थांबण्याचं ओझं शेतकऱ्याच्या घरावरून उचललं आणि बचत गटाच्या बायकांच्या डोक्यावर ठेवलं. पास यशस्वी झाला असं जेव्हा मी कुठं सांगतो, तेव्हा हे वाक्य जोडायला विसरू नये असं मला वाटतं.

बिघाड: पावसानं नाही, सागानं

जुलै २०२४ मध्ये लिंक ढेपाळली. सकाळी बरी, वारा सुटला की जाते. सगळ्यांनी पावसाला दोष दिला, केबलवाल्यानंही. पण ५ गिगाहर्ट्झवर पावसाचा असा मोठा परिणाम होत नाही. केंद्रचालक दुर्बीण घेऊन टेकाडावर बसला आणि त्याला ते दिसलं: गावापासून किलोमीटरभर अंतरावर एका बांधावर सागाची ओळ. एप्रिलमध्ये आम्ही लिंक जुळवली तेव्हा साग निष्पर्ण होता, डोळ्याला आरपार दिसत होतं. जुलैत त्याला सुपाएवढी पानं आली.

इथं थोडं तांत्रिक. दोन अँटेनांमध्ये नुसती नजरेची रेघ मोकळी असून भागत नाही; रेघेभोवती फुगीर काकडीसारखी जागा मोकळी लागते. सहा किलोमीटरच्या लिंकमध्ये मधोमध तिची त्रिज्या नऊ मीटरच्या आसपास असते, आणि टोकापासून किलोमीटरवर साडेसहा. तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग मोकळा असावा लागतो. शेतकऱ्याला साग तोड म्हणणं शक्यच नव्हतं, ती त्याच्या पोरीच्या लग्नाची ठेव होती. खांबाला दहा फूट पाइप जोडून अँटेना वर नेली, आणि लिंक जुळली. साग वाढतो, त्यामुळे हा इलाज कायमचा नाही.

वीज हा दुसरा प्रश्न. देऊळ गावठाण फीडरवर आहे, म्हणून शेतीच्या फीडरपेक्षा बरं, पण रात्री जाते ती जातेच. अर्थिंग आम्ही आधी नीट केलं नव्हतं. एका विजेनं तांड्याकडचा रेडिओ, म्हणजे लिंकचं सिग्नल पकडणारं यंत्र, जाळला, ४,८०० गेले.

२०२५

दोन गोष्टींनी हिशेब बदलला. पहिली जूनमध्ये. ट्राय या दूरसंचार नियामकानं आदेश काढला की पीएम-वाणीच्या डेटा ऑफिसला २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन द्यावे लागतील, आणि त्याचा दर घरगुती दराच्या दुपटीहून जास्त नसावा. आमच्या वेगाचा घरगुती प्लॅन ६९९ चा होता. दुप्पट १,३९८, जीएसटी धरून साधारण १,६५०. आम्ही भरत होतो ४,१३०. आदेशाची प्रत घेऊन केंद्रचालक केबलवाल्याकडे तीन वेळा गेला. दोन महिने “वरून आलं न्हाई” ऐकून झालं, मग सप्टेंबरपासून बिल बदललं. महिन्याचा खर्च ३,६५० वर आला.

दुसरी गोष्ट सप्टेंबरमधली. त्या अतिवृष्टीत मराठवाड्यानं काय पाहिलं ते वेगळं सांगायला नको. आमच्याकडे ओढ्यानं पूल खरवडून नेला, लाइट तीन दिवस नव्हती. बॅटरी आठ तासांत संपली. केंद्रचालकानं एकाच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली, तांड्याकडची लिंक आणि दूध केंद्राचा डबा बंद ठेवून फक्त शाळेचा चालू ठेवला. तांडा त्या तीन दिवसांत पुन्हा तुटला. तो निर्णय त्यानं एकट्यानं रात्री घेतला, आणि नंतर तांड्यावर त्याला बरंच ऐकावं लागलं.

त्याच महिन्यात, १८ सप्टेंबरपासून, लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचंही आधार लागायचं, आणि ओटीपी त्या आधारशी जोडलेल्या नंबरवर जायचा. दसरा २ ऑक्टोबरला होता. म्हणजे नवरे फोन खिशात घेऊन सांगली, कोल्हापूर, कर्नाटकात फडावर. दूध केंद्रावर रात्री नऊनंतर बायका बसायच्या. एक जण वायफायवरून नवऱ्याला फोन लावी, दुसरी फॉर्म भरी, आणि फडावरून आकडे ओरडून सांगितले जायचे. एका बाईचा नवरा मोळी बांधता बांधता आकडे सांगत होता, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. हे सगळं बाजाराच्या गावी करायचं असतं तर किती रोज बुडाले असते ते आक्कांनी वहीत मांडून ठेवलंय. ज्यांचे नवरे वारलेत किंवा सोडून गेलेत त्यांची केवायसी मात्र कितीही चांगल्या नेटनं झाली नाही.

आता करायचं झालं तर

सर्वेक्षणात “किती खर्च करता” याआधी “पैसा हातात कधी येतो” हे विचारीन. त्यावरून खेळत्या भांडवलाचा आकडा आधीच कळला असता: निदान पाच महिन्यांची बिलं, म्हणजे तेव्हाच्या दरानं तीस हजार. तो यंत्रांच्या खर्चात धरला असता तर ग्रामसंघाला दुसरं कर्ज काढावं लागलं नसतं.

लिंकची पाहणी उन्हाळ्यात करायची नाही. करावीच लागली तर झाडं मोजायची आणि शेतकऱ्याला विचारायचं की हे झाड भादव्यात केवढं दिसतं.

दुरुस्तीला एकच माणूस तयार केला, हे सगळ्यांत महाग पडू शकलं असतं. केंद्रचालकाला पुण्यात नोकरीची बोलणी चालू होती, ती सुदैवानं फिसकटली (त्याच्यासाठी दुर्दैवानं). त्यानंतर गटातल्या दोन मुलींना शिकवलं. खांबावर चढायला घरच्यांनी त्यांना मनाई केली, म्हणून त्या खालून सगळं करतात आणि चढायला कुणाला तरी बोलावतात. एक जादा रेडिओ कपाटात हवा होता, तो अजूनही नाही.

फायबरच्या तक्रारीचा पाठपुरावा आम्ही वायरलेस चालू झाल्यावर सोडून दिला, हेही चुकलं. तात्पुरती सोय झाली की मूळ मागणीचा जोर जातो, आणि समोरच्यालाही ते कळतं.

डिसेंबर २०२५ ची स्थिती

डिसेंबर २०२५ ला पाससाठी ६१ घरं आहेत. पहिल्या कर्जातले ९,००० बाकी. गेल्या महिन्यात मोजमाप करणारी माणसं आली होती, फायबर दुसऱ्या बाजूनं जोडून पुन्हा चालू करणार म्हणतात. ती चालू झाली की घरोघर कनेक्शन मिळेल, वेग चांगला असेल, आणि महिन्याच्या महिन्याला बिल येईल. २६ जानेवारी २०२६ च्या ग्रामसभेत हा विषय आहे.

आक्कांनी त्याआधी वहीत एक रकाना वाढवलाय: फायबर घेणार का? आत्तापर्यंत एकोणीस घरांपुढे ‘व्हय’ लिहिलंय. त्यातली सोळा घरं पासाचे पैसे दर वेळी न मागता आणून देणारी आहेत.